गुंडूचं गाऱ्हाणं

गुंडू गेल्याचं मला मालवणच्या बाजारात मासेवालीने सांगितलं. मावसभाऊ माझा, दुकानातला भागीदार माझा, पण माझा फोन घरी राहिलेला आणि बातमी तिला आधी. झोपेतच गेला म्हणे. पदराने डोळे पुसत ती म्हणाली, "तुमच्यातलो बरो तोच होतो रे." मी तिच्यासमोर उभा होतो... पण ते काही तिच्या ध्यानात आलं नाही.

स्मशानात ही गर्दी. मी रडत होतो, खोटं नाही, पण मनात सारखं येत होतं की माझ्या वेळी यातले किती येतील? सरणावर तो आणि जळत होतो मी. महिना उलटला, अजून विझलेलो नाही.

दोघे आयटीआयला एकाच बाकावर शिकलो. माझं वायरिंग जास्त नीटनेटकं, हे तोही कबूल करायचा. पण दुकानात येणारा विचारणार, "गुंडू खंय आसा?" मसुऱ्याच्या काजू कारखान्यात तर कहरच. तिथे काजू वाफवायला बॉयलर आहे. दुरुस्ती दोघांनी करायची आणि बटण दाबण्याआधी या पठ्ठ्याने पॅनेलसमोर हात जोडून गाऱ्हाणं घालायचं. "बा देवा म्हाराजा, ह्या बॉयलराक सांभाळ, हेच्याकडे राबतत तेंकाय सांभाळ..." काम टाकून सगळ्या बायका एका सुरात म्हणायच्या, "व्हय म्हाराजा!" की झालं, सगळं श्रेय त्याला. एकदा मी चिडलोच. म्हटलं, अरे, फ्यूज मी बदलला, देवाने नव्हे.

तो हसला. "माका ठावक आसा रे. पण तेंका बॉयलराचो भंय वाटता. व्हय म्हटल्यार जरा कमी जाता."

गेल्या आठवड्यात तोच बॉयलर बंद पडला. मी एकटाच गेलो. पॅनेलमधला कंट्रोल ट्रान्सफॉर्मर जळला होता. विजेचा मोठा दाब उतरवून कंट्रोलला बेताची वीज देणारा विटेएवढा ऐवज, पण तो गेला की ना पंप चालत, ना पंखा. मेन बंद केला, टेस्टर लावून पाहिला, तारांना खुणा करून जुना काढला, त्यावरचे आकडे जुळवून नवा बसवला. मेन चालू करून वीज मोजली. बरोबर. आज तरी कुणी म्हणेल, सदाने केलं.

बटणाकडे हात नेला तोच मागून आवाज आला. शेवंताकाकी, कारखान्यातली सगळ्यांत जुनी कामकरीण.

"थांब रे सदा. गाऱ्हाणा खंय?"

"माका येणा नाय, काकी."

"मगे आमी कामाक हात लावचव नाय."

काय करणार? हात जोडले. "बा देवा म्हाराजा..." एवढं म्हटलं आणि पुढचं सगळं आपोआप येत गेलं. पाठच होतं मला, इतकी वर्षं दात-ओठ खाऊन ऐकलेलं. शेवटी मात्र त्याने कधी न घातलेली एक ओळ तोंडातून गेली... "आनि आमच्या गुंडूक थंय सुखात ठेव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

इतका मोठा आवाज गुंडूलाही कधी मिळाला नसेल. शेवंताकाकी रडत होती. मी बटण दाबलं, पंखा फिरायला लागला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या गाऱ्हाण्याला एवढ्या जणींनी होकार दिला, आणि तोही मेल्याने स्वतःच्या नावावर करून घेतला.