बूट राखणारे सदानंदराव

सदानंदरावांना मी जेमतेम दोन दिवस ओळखत होतो. तेवढ्या ओळखीवर खरं तर लिहू नये. पण ते गेल्यावर त्यांची मुलगी यामिनी फोनवर म्हणाली, "काका, आठवेल तेवढंच लिहा." जे लपवायचं होतं ते तिला आता माहीतच आहे.

यामिनी तेव्हा क्योतोच्या विद्यापीठात संशोधन करत होती. माझी सून विभा तिची मैत्रीण. मी ओसाकाला मुलाकडे आलो होतो, सदानंदराव डोंबिवलीहून आले होते. दोघींनी आम्हा म्हाताऱ्यांना क्योतो दाखवायचं ठरवलं.

पहिल्याच देवळाशी सदानंदराव म्हणाले, "तुम्ही जाऊन या. मी बूट राखतो."

"बाबा, हे जपान आहे! इथे कोण चोरतंय?"

"देवाच्या दारात माझ्या किती चपला गेल्यात, मला शिकवू नकोस."

पुढच्या देवळाशी माझे गुडघे कुरकुरले, म्हणून मीही त्यांच्याजवळ टेकलो. मुली आत गेल्यावर ते हळूच म्हणाले, "काचबिंदू आहे मला. उन्हात निभतं, आतल्या अंधारात काही दिसत नाही. हिला कळलं तर शिक्षण टाकून माझ्याबरोबर परत येईल. आई नाही ना तिला. तुम्ही बघून या आणि मला सांगा."

मी जाऊन आलो. "लाकडी आहे. मोठं आहे."

"आणि?"

"बुद्ध आहे."

"अहो, बुद्ध असणारच!" ते हसले.

संध्याकाळी त्यांनी यामिनीला सांगितलं, "यांनी बूट सांभाळले, मी बघून आलो. मोठं लाकडी आहे. बुद्ध आहे." यामिनीने माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी निजोचा किल्ला. तिथे पाऊल टाकलं की लाकडी जमीन पाखरांसारखी चिवचिवते. एवढं मात्र मला नीट सांगता आलं.

"मग चला, ऐकू तरी," ते म्हणाले आणि माझा दंड धरून निघाले. भिंतींवर वाघ रंगवले होते. मी "वाघ" म्हणालो की ते मान वळवायचे. एकदा उलटीकडेच वळवली. मागे यामिनी उभी होती.

ओसाकाला परतताना स्टेशनवर तिने मला बाजूला घेतलं. "काका, बाबांना दिसतं ना?"

मी बुटांकडे बघत राहिलो. तेवढ्यात सदानंदराव जवळ आले.

"गाडी आली वाटतं तुमची."

"आली."

"कुठल्या रंगाची?" त्यांनी यामिनीसमोरच विचारलं.

"चंदेरी."

"बरं. जपून चढा."