चांगुणाआत्याचं कडवं

आयुष्यभर मी पालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवलं. अंगात येणं, उतारे, लिंबू-मिरच्या... मुलांना सगळ्याची कारणं समजावून दिली. त्यामुळे हे लिहिताना माझाच हात जरा अडखळतोय. पण घडलं ते माझ्याच लग्नात, भर सकाळी, सगळ्या कोळीवाड्यादेखत.

शीवच्या खाडीकडचा आमचा कोळीवाडा. संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन तेव्हा पेटलं होतं, आमची माणसं लालबाग-परळच्या मोर्च्यांना जायची. घरं आणि खाडी यांच्या मध्ये मोकळी जागा होती — आमचं खळं. पिढ्यान्‌पिढ्या तिथं मासळी सुकायची, जाळी पसरायची, हळदीचे नाच व्हायचे. एक दिवस एका व्यापाऱ्याची माणसं आली, जागा त्याची आहे, गोदाम बांधायचंय, असं सांगून गेली. त्यांचं म्हणणं, जागा नुसतीच रिकामी पडलीय.

जमातीची बैठक बसली. बाबा मोर्च्याहून नुकतेच आलेले, घसा बसलेला. म्हणाले, "मुंबई आपली म्हनून बोंबलून आलो. नि पायाखालचं खलं दुसऱ्याचं झालं, तर मुंबई कोनची?" ठरलं — कोर्टात तर जायचंच, पण खळं एक दिवसही रिकामं ठेवायचं नाही.

माझं लग्न तोंडावर आलं होतं. दादरला हॉल, भटजी, बँड, सगळं ठरलेलं. मीच बाबांना सांगितलं, लग्न खळ्यावर लावा, आणि धवल्यानं लावा. धवला म्हणजे आमची लग्नाची जुनी गाणी. धवलारीण ती गाऊन देवांना, पूर्वजांना, खाडीला मांडवात बोलावते, आणि पूर्वी त्याशिवाय आमच्यात लग्नच लागत नसे. शिकलेल्यांना त्याची लाज वाटू लागली, तसं ते मागं पडलं. आईला माझं म्हणणं पटेना. माझगावच्या माझ्या सासऱ्यांनी होकार कळवला तेव्हा ती तयार झाली.

धवलारीण एकच उरलेली, हिरूमावशी. तिनं सरळ नकार दिला. "एका गल्यानं धवला होत नाय गो पोरी. एकीनं बोलायचं, दुसरीनं झेलायचं." तिची जोडीदारीण चांगुणाआत्या आदल्या वर्षीच वारली होती.

मग आम्ही बायकाच शिकायला बसलो. दुपारी खळ्यावर सुकत घातलेला जवळा परतता परतता मावशी ओळ सांगायची, आम्ही झेलायचो. होता होता पाठ झालं. फक्त एक कडवं मावशीलाच येत नव्हतं — खाडीला, म्हणजे आमच्या खारीबायला, आणि गेलेल्या माणसांना बोलावण्याचं. तेवढं चांगुणाआत्या एकटीच म्हणायची; मावशीचं लक्ष तेव्हा पूजा मांडण्यात असायचं. ते गाळायचं ठरलं.

लग्नाच्या सकाळी मी मुंडावळ्या बांधून पाटावर बसलेली, धवला सुरू झालेला. तेवढ्यात व्यापाऱ्याचा मुकादम गडी घेऊन आला. तारेची भेंडोळी, खांब, पहारी. बाबा आणि बाकीचे पुरुष उठून आडवे उभे राहिले. मावशी थांबली नाही, बायकाही थांबल्या नाहीत. त्या कडव्यापाशी मावशीनं, पुढं जायचं म्हणून, श्वास घेतला...

आणि मागून आवाज आला.

"ये गो खारीबाय, आमचे मांडवान ये..."

मशेरीनं खरखरीत झालेला, शेवटी किंचित चढणारा. तो आवाज मी लहानपणापासून ऐकलेला होता. मान वळवून बघितलं, तर सगळ्या बायकांची तोंडं मिटलेली. आवाज त्यांच्याही पलीकडून, मासळी सुकवायच्या काठ्यांकडून येत होता, आणि तिथं कुणी नव्हतं. खरं सांगते, मला भीती वाटली नाही. मावशीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तिनं ओळ झेलली. मग बायकांनी झेलली. मग मीसुद्धा, नवरी असून. खाडी, गावदेवी, वाड्यातली गेलेली माणसं — एकेकाचं नाव घेऊन बोलावणं झालं, आणि आवाज थांबला.

मुकादमानं गड्यांना पहारी खाली ठेवायला लावल्या होत्या. लागत्या लग्नात खांब ठोकणार नाही, म्हणाला. बाबांनी त्याला जेवायलाच बसवलं. पानावर बसल्यावर तो आईला म्हणाला, "त्या मागच्या आजींना आधी वाढा. केव्हाच्या उन्हात बसून गातायत." घाटावरचा माणूस, चांगुणाआत्याला त्यानं कधी पाहिलेलं नव्हतं. आईनं एक पान वाढलं आणि काठ्यांपाशी नेऊन ठेवलं.

खांब पुढं आलेच, दुसऱ्या मुकादमाबरोबर. पण तोवर आमच्याकडचं प्रत्येक लग्न खळ्यावर, धवल्यानंच लागू लागलं होतं. खांबांसाठी खड्डे खणले की बायका जाऊन त्यांत उभ्या राहायच्या. मुंबई महाराष्ट्राला मिळाली, तरी आमचं भांडण कितीतरी वर्षं चाललं. निम्मं खळं गेलं, निम्मं आम्ही राखलं.

कारण मी पुष्कळ शोधलं. मावशीलाच आठवलं असेल? तिचे ओठ तर माझ्यासमोर मिटलेले होते. कुणी लपून म्हटलं असेल? एकेकीला विचारून झालं. बरं, एवढं लांब कडवं आम्हां सगळ्यांना एकदाच ऐकून पाठ कसं झालं?

मध्यंतरी धवले रेकॉर्ड करायला कॉलेजची एक मुलगी आली होती. प्रत्येक गाणं कुणाकडून शिकलात, असं विचारायची. या कडव्याला मी चांगुणाआत्याचं नाव सांगितलं.

"केव्हा शिकवलं त्यांनी?"

"माझ्या लग्नात," मी म्हटलं.

तिनं तसंच लिहून घेतलं.