आबांनी एकदाच केलेलं कौतुक

सदाशिव गेल्याची बातमी आली तेव्हा माझी अर्धीच दाढी झाली होती. चिंचवड स्टेशनजवळ माझं सायकलचं दुकान आहे. समोरच्या न्हाव्याच्या खुर्चीत मान टाकून मी त्याला आमच्या गणपतीतल्या नाटकाची फजिती सांगत होतो, आणि हसू आवरेपर्यंत त्या बिचाऱ्याला वस्तरा उचलता येत नव्हता. इतक्यात पिंपरीच्या कारखान्याची लॉरी थांबली. ड्रायव्हर उतरून जवळ आला आणि टोपी काढून म्हणाला, "वामनराव, आपले कॅप्टन गेले. सकाळी छातीत कळ आली, डॉक्टर येईस्तोवर..." मी तसाच सायकलवर बसलो. सदाशिवच्या दारात कुणीतरी पंचा पुढे केला तेव्हा कळलं, एका गालावर साबण वाळून कडक झाला होता. सदाशिवनं मला त्या अवतारात पाहिलं असतं तर पुढचे सहा महिने त्याला दुसरा विषय लागला नसता.

लॉऱ्यांवर देखरेख करणाऱ्या माणसाला सगळे कॅप्टन का म्हणतात, असं कारखान्यातली नवी पोरं विचारायची. तो खराच कॅप्टन होता. पवनेकाठच्या शेतकऱ्याचा हा मुलगा माझ्याबरोबर शाळेत होता. आमच्या नाटकात मी लुगडं नेसून नायिका व्हायचो आणि हा पडदा ओढायचा. एकदा नेमका माझ्या विलापाच्या वेळी त्यानं पडदा माझ्या डोक्यावर सोडला आणि वर विचारलं, "रडणं लांबलं होतं, म्हणून सोडला. चुकलं का?" लढाईच्या दिवसांत तो विमानदलात गेला. लढाई संपल्यावर मुंबईच्या एका खाजगी विमान कंपनीत लागला आणि डाकोटा विमानांचा कॅप्टन झाला. अख्ख्या मावळात कौतुक झालं. झालं नाही ते फक्त घरात. त्याचे वडील, आबा, ज्या कामात पाय जमिनीला लागत नाहीत त्याला काम मानायला तयार नव्हते. पाव्हण्यांनी विचारलं, "पोरगा काय करतो?" तर आबा म्हणायचे, "मुंबईला असतो." पुढं एक अक्षर नाही. सदाशिव ते हसण्यावारी न्यायचा, पण मी पडद्याच्या दोन्ही बाजू पाहिलेला माणूस... मला ते हसू कळायचं.

पुण्याहून रिकामं विमान मुंबईला न्यायचं असलं की तो गावावरून जाताना खाली यायचा. चांगलाच खाली. पिंपळावरची पाखरं उठायची, गुरं दावी तोडायची, आणि त्याची आई पिठाच्या हातांनी खळ्यात धावत यायची. मग तो दोन्ही पंख हलवून तिला रामराम करायचा. हे नियमात बसत नव्हतं, नोकरी घालवणारं होतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मी एकदा बोललो तर म्हणाला, "विमान रिकामं असतं रे. तक्रार करायला आत एखादा उंदीर असला तर असला."

मग ते वाईट वर्ष आलं. लढाईनंतर स्वस्तात डाकोटा मिळाली म्हणून ज्यानं त्यानं विमान कंपनी काढली होती. विमानं झाली उदंड, उतारू तेवढेच. सदाशिवच्या कंपनीनं ठरवलं की सगळ्यांत तरुण पायलटांना बिनमुदत बिनपगारी घरी बसवायचं. सदाशिव जुना, त्याच्या केसाला धक्का नव्हता. पण पायलटांच्या युनियनच्या वतीनं बोलणारा तोच होता. त्याचं म्हणणं एकच : काम कमी झालंय ना, मग सगळ्यांनी आळीपाळीनं महिनाभर घरी बसू, कॅप्टनांनीसुद्धा. कुणालाच कायमचं काढू नका. घरी बसलेल्या पायलटाचा हात जातो, मग परवाना जातो, मग माणूसच जातो, असं तो म्हणायचा. बोलणी आठवडेच्या आठवडे चालली. टेबलावर मुठी आपटून झाल्या, संपाची धमकी देऊन झाली. शेवटी मॅनेजर म्हणाले, मी गाडीनं पुण्याला जातोच आहे, तुमच्या गावी दोघंच शांतपणे बोलू.

साहेब जेवायला येणार! आणि सदाशिवच्या नोकरीची काहीतरी भानगड आहे, एवढंच गावाला कळलं. गाव म्हणजे गाव! साहेब येईपर्यंत हलगी, हार, फेटा, नारळ सगळं तयार. सदाशिवनं कपाळाला हात लावला. "वामन्या, हे थांबव की राव!" मी काय थांबवणार? हलगीवाला मीच शोधून आणला होता. जेवण झालं, ओसरीवर सगळे बसले, साहेबांना फेटा बांधला, आणि कुणाच्या ध्यानीमनी नसताना आबा उभे राहिले. दोनदा खाकरले.

"साहेब, ह्यो माजा ल्योक. तुमचं इमान चालवतो. लोकं म्हंत्यात, पोरं मोठी झाली की आईबापाला इसरत्यात. ह्यो न्हाई इसरत. गावावर आला की इमान खाली घेतो. इतकं खाली, की घरावरली कौलं हालत्यात! दोन्ही पंख हालवून आईला रामराम करतो. वरून कुनी बगत नसताना जो आईला रामराम करतो, त्यो तुमच्याशी बेइमानी करंल व्हय?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. गड्यांनी "वाहवा आबा!" केलं. साहेबांना मराठी उत्तम येत होतं. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. ते हसत होते, पण जेवताना हसले तसं नव्हे. म्हातारा पुढंही काही बोलला. माझे कान तोवर बंद झाले होते. सदाशिव मात्र बापाकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि नोकरीचं भान त्याला त्या क्षणी होतं असं मला आजही वाटत नाही.

मुंबईत पुढच्या बैठकीआधी साहेबांनी त्याला बाजूला घेतलं. "तुमचे वडील फार छान बोलले. ते मी वर कळवलं तर परवाना राहणार नाही. घरी बसवायच्या पोरांच्या यादीवर सही करा, मी काही ऐकलंच नाही." सदाशिवनं रात्रभर विचार केला आणि सकाळी राजीनामा त्यांच्यापुढे ठेवला. म्हणाला, "आता मला घाबरवून काय मिळणार? पोरांशी बोला." बड्या पगाराचा कॅप्टन आपणहून गेला, संपही टळला, कंपनीला ते परवडलं. आळीपाळीची अट मान्य झाली, एकाही तरुण पायलटाची नोकरी गेली नाही. नंतर सरकारनं सगळ्या विमान कंपन्या ताब्यात घेतल्या आणि जे हजेरीपटावर होते ते सगळे सरकारी नोकरीत गेले. सदाशिव कुठल्याच पटावर नव्हता. त्यानं मालवाहतुकीची कामं पत्करली, मग पिंपरीच्या लॉऱ्या.

खरं कारण माहीत होतं ते आम्हा तिघांना : तो, त्याची बायको इंदूवहिनी, आणि मी. आबांना त्यानं सांगितलं, "कंटाळा आला." त्यावर म्हाताऱ्यानं त्याला मरेपर्यंत बोल लावले. "मी साहेबाम्होरं येवढं बोललो, आन् ह्या करंट्यानं भरलं ताट लाथाडलं!" सदाशिव खाली मान घालून ऐकायचा. आणि त्याहून अचाट म्हणजे, दिवाळीला, जत्रेला, घरात चार माणसं जमली की तो स्वतः म्हणायचा, "आबा, ते भाषण सांगा की." आबा आनंदानं उभे राहायचे, दोनदा खाकरायचे. आणि इंदूवहिनी "दूध उतू जाईल" म्हणत आत जायच्या. दर वेळी. दूध नसलं तरी. मला वाटायचं, हा स्वतःच्या जखमेवर मीठ चोळून घेतो. एकदा चिडून म्हणालोही, "लेका, ज्या बोलण्यानं मातीत घातलं तेच ऐकायचं?" तो म्हणाला, "तू एकदा तरी शेवटापर्यंत ऐकलंयस का?" मी ऐकलं होतं. समजलं मात्र नव्हतं.

आई आधीच गेली होती. आबा गेल्या माघात गेले. सदाशिव एक वर्षही राहिला नाही. आता ज्याच्यापासून लपवायचं तो म्हातारा उरला नाही, म्हणून हे लिहितो आहे. वहिनींना विचारून लिहितो आहे.

दिवसकार्य उरकल्यावर पाव्हणे पांगले. परवा मी सहज गेलो होतो. ओसरीवर वहिनी तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी इकडच्या तिकडच्या चार गमती सांगितल्या, त्या हसल्या नाहीत. मग सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हाला सगळ्यांचे आवाज काढता येतात. आबांचं ते भाषण म्हणा. मी कधी पुरतं ऐकलं नाही. माझा संसार ज्यानं खाली आणला ते एकदा ऐकू तर द्या."

मी नको म्हणालो. त्या हटल्या नाहीत. मग उभा राहिलो, दोनदा खाकरलो, कंबरेवर हात ठेवला. ल्योक, इमान, कौलं, रामराम, सगळं तसंच्या तसं. गावकऱ्यांच्या टाळ्या जिथं पडल्या तिथं थांबलो. वहिनी उठल्या नाहीत. "पुढं?" म्हणाल्या. मी पुढचं म्हटलं.

"साहेब, गावाला वाटतं, म्हाताऱ्याला त्या इमानाचा राग हाय, त्यो वर बगत न्हाई. खोटं हाय. मी बांधाआड जातो आन् बगतो. दिसंनासं हुईस्तोवर बगतो. ह्ये मी त्याला कधी बोललो न्हाई. आज तुमच्याम्होरं बोलतो."

वहिनींनी बाजूला ठेवलेलं सूप आणखी दूर सारलं. मग म्हणाल्या, "पुन्हा म्हणा. तेवढंच."

मी म्हटलं. या वेळी आबांचा आवाज काढला नाही.