गप्प बसण्याची मुदत

गॅसच्या पाइपलाइनवर देखरेख ठेवणाऱ्या नंदुरबारच्या एका कार्यालयात मी लिपिक होतो. नियम साधा होता. दुरुस्तीची नवी पद्धत वापरायची तर कंपनीने आधी आम्हाला कळवायचं. मुदतीत आम्ही काही बोललो नाही, तर काम सुरू. बोललो, तर मुदत पुन्हा पहिल्यापासून. थोडक्यात, आम्हाला गप्प बसण्याचा पगार होता आणि तेवढंही आम्हाला जमेना.

कारण साहेबांचा बाणा असा, की आलेल्या पत्राला उत्तर गेलंच पाहिजे. कंपनीने तापीकाठच्या गावात खड्डा खणून पाइप उघडा केला आणि आम्हाला कळवलं. साहेबांनी लगोलग उत्तर धाडलं, 'आपले पत्र मिळाले.' कंपनीच्या वकिलाने ठरवलं, हे बोलणंच झालं. काम थांबलं.

खड्डा नेमका एका केळीवाल्या शेतकऱ्याच्या घराच्या वाटेवर. त्याच्या मुलीचं लग्न तोंडावर आलेलं, मांडव अंगणात. तो अर्ज घेऊन आला.

"साहेब, बेटीनं लगीन शे. खड्डा बुजाई टाका."

साहेबांना खरंच कळवळा आला. त्यांनी कंपनीला कडक पत्र लिहिलं. मुदत पहिल्यापासून.

शेवटी मीच त्याला टपरीवर गाठून म्हटलं, "काका, अर्ज देऊ नका. अगदी गप्प राहा." बिचाऱ्याने ऐकलं. पण समोर बसल्याशिवाय सरकारी काम हलतं यावर आपल्याकडे कुणाचा विश्वास आहे? तो रोज येऊन आमच्या बाकावर गप्प बसू लागला. साहेब अस्वस्थ.

"काय म्हणणं आहे तुमचं?"

"मन्हं काईच म्हननं नही."

साहेबांना घाम फुटला. त्यांनी कंपनीला कळवलं, बाधित शेतकऱ्याने मौन आंदोलन सुरू केले आहे. मुदत पहिल्यापासून.

लग्नाला मी गेलो. खड्ड्यावर फळी टाकली होती. घोडी काही केल्या फळीवर पाय ठेवीना, म्हणून नवरदेव उतरून चालत आला. बँडवाले पलीकडेच राहिले आणि तिथूनच वाजवत बसले. आम्ही हसून हसून बेजार झालो.

पाठवणीच्या वेळी मात्र कुणी हसलं नाही. शालू सावरत, रडत ती पोर फळीवरून निघाली. बाप पुढे, उलटा चालत, तिचे दोन्ही हात धरून. खाली उघडा पाइप.

गाडी गेल्यावर मी त्याच्याजवळ गेलो. "काका, उद्याच साहेबांशी बोलतो."

त्याने घाबरून माझा हात धरला.

"नका भाऊ. आते तरी काईच बोलू नका."