न केलेली सही

माझ्या थोरल्या साडूंनी जगात एकही वस्तू पहिल्या फटक्यात पास केलेली नाही. त्यात माझी मेव्हणीही आली, कारण तिला होकार कळवायला या गृहस्थांनी चार महिने घेतले होते. राहतात नौपाड्यात, नोकरी ठाण्यातच, आणि काम असं की ऐकणाऱ्याने दोन मिनिटांत चपला शोधाव्यात. काही तेलविहिरींतून सडक्या अंड्यांच्या वासाचा विषारी गॅस येतो, तो पोलादाला तडे पाडतो. तिथे कुठल्या मिश्रधातूचे पाइप घालायचे, ते हे ठरवतात. बरं, हे ऑफिसात ठरवून घरी यावं की नाही? पण स्टील अस्सल आहे का ते तपासायला खिशात सदैव लोहचुंबक! आमच्या कोपरच्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला आले, ते सत्यनारायणाआधी स्वयंपाकघरातल्या सिंकपुढे वाकले. "दहा वर्षं टिकेल," म्हणाले. मी म्हटलं, "मग उत्तमच की!" तर म्हणतात, "आणि अकराव्या वर्षी?" माझ्या मुलीच्या लग्नात त्यांनी व्याह्यांच्या देखत श्रीखंडाच्या पातेल्याला चुंबक लावलं. चिकटलं. "संशयास्पद आहे," असं मोठ्यांदा जाहीर केलं. दुसऱ्याला चिकटलं नाही, तर म्हणाले, "न चिकटणारं चांगलंच असतं, असं नव्हे." त्या दिवशी निम्मी पंगत श्रीखंडाशिवाय उठली.

असा माणूस ऑफिसात किती लाडका असेल? एकदा आलेले पाइप मर्यादेपेक्षा कडक निघाले आणि यांनी सही नाकारली. साहेब चिडले, काम अडलं. मेव्हणीने फोनवर रडून मला बोलावलं. मीही शहाणपणा शिकवायला गेलो. "अहो, करून टाका सही. तिथे कोण बघायला येतंय?"

"कडक पोलाद त्या गॅसमध्ये आधी तडकतं," ते शांतपणे म्हणाले. "आणि वास येतोय तोवर माणूस पळू शकतो. गॅस वाढला, की वास यायचाच थांबतो."

त्यांची खुर्ची झेरॉक्स मशीनशेजारी गेली, हाताखालचा माणूस त्यांचा साहेब झाला. आम्ही नातेवाइकांनी "हट्टाची फळं" म्हणून वर्षानुवर्षं चघळलं. त्यात मी सर्वांत पुढे.

परवा ते निवृत्त झाले. निरोपाला हार, सामोसे आणि साहेबांचं स्वतःवरच भाषण झालं. जिन्यात एक इंजिनीयर बाई मला म्हणाल्या, "काकांनी अडवलेल्या पाइपांचे तुकडे नंतर महिनाभर तसलाच गॅस सोडलेल्या पाण्यात ठेवले होते. सगळे तडकले. अख्खा माल परत गेला. घरी सांगितलं असेलच त्यांनी."

घरी कुणालाच ठाऊक नव्हतं. रिक्षात मी विचारलं, "एवढं झालं, आणि बोलला नाहीत?"

ते गळ्यातला हार काढून नीट घडी घालत होते. म्हणाले, "सांगण्यासारखं काय होतं? काहीच झालं नाही."

त्या विहिरीवरची माणसं आज कुठे असतील, देव जाणे. यांना त्यांतलं कुणी ओळखत नाही. आणि मी तर तीस वर्षं ओळखत होतो.