कुडात गेलेली नोटीस

गंगीचा उजवा हात कोपरात वाकडा जुळला आहे. भाकरी ती डाव्या हाताने थापते. कोणी विचारलंच तर "पहारीचा मार लागला" एवढंच सांगते. तिने कोयता चालवला हे जव्हारच्या बाजारात ज्याला त्याला ठाऊक आहे, आधी काय झालं ते सांगायला मात्र एकालाही सवड नाही. कोर्टाच्या तारखेला ती जाते, सुदर्शनही लंगडत येतो, आणि लोक हळहळतात ते त्याच्यासाठी. अशा लोकांची कीव करावी की त्यांना झोडावं, कळत नाही.

गावाच्या कडेला, उतारावर घर होतं. गंगीच्या बापाने, काळ्याने, बांधलेलं. भिंती म्हणजे कारवीच्या काठ्यांचा कूड आणि वर शेणामातीचा लेप. गंगी एकुलती एक, म्हणून भिका घरजावई होऊन आला. पुढे वस्ती वाढत वाढत दारापर्यंत आली आणि घरपट्टी लागली. काळ्या वारला तरी पट्टी त्याच्याच नावाने येत राहिली, आणि मेलेल्याने ती भरली नाही यात नवल काय. गंगी आणि भिका तर दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर जात, ते पावसाच्या तोंडाशी परतत.

त्या साली भट्टीवर निघण्याआधी लेकीचं, रंजनाचं, लग्न उरकायचं होतं. त्याच आठवड्यात कोणीतरी कुडाला कागद डकवून गेलं. गंगीला वाटलं, डासांच्या फवारणीवाल्यांचा असेल. ते नेहमीच भिंतीवर तारखा खरडून जातात. लग्नात भिंतीवर चौकाचं चित्र काढतात, त्यासाठी भिंत साफ हवी होती. तिने कागदासकट भिंत गेरूने सारवली आणि सवाशिणींनी वर तांदळाच्या पिठाने चौक लिहिला. जप्तीची नोटीस अशी लेकीच्या लग्नाखाली गाडली गेली.

भट्टीवरून दोघं परत आली तर दाराला परकं कुलूप. घर लिलावात गेलं होतं. घेणारा सुदर्शन, त्यांच्याच जमातीतला, कचेरीतली कामं करून देतो म्हणत मोटारसायकल उडवत फिरणारा. भिका आणि गंगी मोखाड्याच्या वाटेवर एका पडवीत राहू लागली. तिथे एका दुपारी सुदर्शन दोन माणसं घेऊन आला.

"पट्टी कापून उरलेला पैसा कचेरीत पडलाय," तो म्हणाला. "एक लाख चाळीस हजार. जुन्या मालकाने वर्षाच्या आत मागायचा, नाहीतर सरकारजमा. मुखत्यारपत्रावर अंगठा दे, भिका. मी काढतो, अर्धा तुझा."

"घर घेतलास. आता पैसा पन तूच घेनार?" भिका म्हणाला.

सुदर्शनने त्याच्या पोटात लाथ घातली. दोघांनी त्याला पालथा पाडला, एक पाठीवर बसला. अंगठ्याला शाई फासली, तशी भिकाने मूठ आवळली. ती उघडेना म्हणून त्यांनी मनगट दगडावर ठेचलं. तरी उघडेना, तेव्हा सुदर्शनने पहार उचलली आणि त्याच्या गुडघ्यावर घातली, मग पुन्हा घातली. गंगी पाण्यावरून आली तेव्हा भिका अंगणात ओरडत पडला होता. नखं तळव्यात रुतून रक्त आलं होतं, आणि मूठ तशीच होती.

डॉक्टर म्हणाले, नाशिकला नेऊन गुडघ्यात सळई घाला, नाहीतर पाय कापावा लागेल. पैसा तर कचेरीत पडलेला. गंगी तिथे गेली.

कारकून वाईट नव्हता, पण कागदाबाहेरचं त्याला दिसत नसे. "काळ्या नावाचे तिघे आहेत यादीत. तुमचं घर कोणतं? नोटीस आणा, तिच्यावर नंबर असतो. भिंतीला लावली होती ना? उद्या मुदत संपते."

भिंत म्हणताच गंगीला सगळं उमगलं. स्वतःच्या हातांचा तिला इतका संताप आला की कचेरीच्या पायरीवर तिने ते आपटून आपटून सोलून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कोयता घेऊन उतारावर गेली. सुदर्शनने घर पाडायला काढलं होतं. कौलं उतरली होती, कूड उघडा पडला होता आणि चौक अजून पांढरा होता. लग्नाचा चौक त्यांच्या घरात कोणी खरवडत नसे, झडेल तेव्हा झडू देत. गंगीने त्याच्या मधोमध कोयता घातला. कारवी तुटत गेली, माती ढासळली. सुपाएवढा तुकडा तिने तोडून काढला आणि बगलेत धरला.

सुदर्शन पहार घेऊन मागून धावत आला. पहिला घाव उजव्या कोपरावर बसला, हाड मोडल्याचा आवाज तिने स्वतः ऐकला. तो दुसऱ्यांदा पहार उगारत होता. तिने डाव्या हाताने कोयता उचलला आणि त्याच्या गुडघ्यात हाणला. भिकाचा फोडला होता त्याच पायाच्या. तो खाली बसला. ती आणखी एकदा हाणू शकत होती, तिला हाणावंसंही वाटलं. पण मुदत आजचीच होती.

भर बाजारातून ती कुडाचा तुकडा डोक्यावर घेऊन गेली. एक हात लोंबत होता, लुगड्यावर रक्त होतं. कारकुनाने घाबरत घाबरत गेरूवर पाणी शिंपडलं, लेप सोलला आणि नंबर वाचला.

"काळ्याचा वारस कोण?" त्याने विचारलं.

"मी. लेक."

"मग अंगठा तुमचाच. जावयाचा इथे चालत नाही. आणि बाईचा उजवा लागतो."

डाव्या हाताने तिने मोडका हात उचलून टेबलावर ठेवला आणि अंगठा दाबला.

पैसा मिळाला, भिकाचा पाय वाचला. नाशिकच्या दवाखान्यात ती त्याच्यावर चिडली. "देऊन टाकायचास अंगठा. तुझ्या अंगठ्याने त्याला काय मिळनार होता?"

"मला ठावं होता," भिका म्हणाला. "दिला असता तं त्याला कचेरीत कळला असता. मंग तो तुझ्याकडं आला असता."