सोमाजीभाऊंचं स्टूल

सोमाजीभाऊंच्या दुकानात उभं राहायला मनाई होती. सायकलचं पंक्चर असो, हार्मोनियमचा फाटलेला भाता असो की रेडिओचं तुटकं बटण असो, गिऱ्हाइकानं आधी आत यायचं, स्टुलावर बसायचं आणि मग तोंड उघडायचं. एकदा एका हवालदारानं बाहेरूनच सायकल आत ढकलली आणि लवकर कर म्हणून हुकूम सोडला. सोमाजीभाऊंनी ती सायकल नीट उलटी करून ठेवली आणि दुसऱ्याच सायकलच्या चेनला तेल द्यायला घेतलं. हवालदार बराच वेळ बाहेर गुरगुरला, शेवटी आत येऊन बसला. मग पंक्चर निघायला काही वेळ लागला नाही. "उभ्या माणसाचं काम मी नाही करत," एवढंच त्यांनी त्याला सांगितलं, तेही चाक फिरवता फिरवता.

मला मात्र उभं राहायचीच सवय होती. कोल्हापूरच्याही पलीकडच्या एका खेड्यातून, आठवीतच शाळा सोडून मी निघालो होतो आणि ठिकठिकाणी वाजवत भंडाऱ्याच्या एका ऑर्केस्ट्रात येऊन पोचलो होतो. ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्या मास्तरांपुढे उभा, जेवणाच्या रांगेत उभा, स्टेजवर तर उभाच. ती ऐंशीच्या आसपासची गोष्ट. त्या काळी या भागात इलेक्ट्रिक गिटार क्वचितच दिसायची. लोक कार्यक्रमानंतर ती बघायला यायचे आणि हिच्यात करंट येतो का म्हणून विचारायचे.

पण माझ्या गिटारीच्या चाव्या गेल्या होत्या. गिटारीच्या डोक्यावर सहा चाव्या असतात. डोक्यातल्या भोकांतून वर आलेल्या त्यांच्या खांबांना तार गुंडाळलेली असते. चावी फिरवली की तार ताणते आणि सुरात येते. माझ्या चाव्यांचे दात झिजले होते. तुमसरच्या कार्यक्रमात ऐन गाण्यात दोन तारा उतरल्या, गाणारी मागं वळून बघायला लागली आणि लोकांनी शिट्ट्या मारल्या. परतीच्या प्रवासात मास्तर शांतपणे म्हणाले की पुढचा कार्यक्रम साकोलीला आहे. तिथं पुन्हा असं झालं तर साकोलीच्याच स्टँडवरून गावाकडची गाडी धरायची. गावाकडं कोणत्या तोंडानं जाणार होतो? निघताना वडिलांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नव्हतं.

नागपूरच्या एका दुकानदारानं कलकत्त्याहून नव्या चाव्या मागवून दिल्या. त्या आल्या आणि माझं धाबं दणाणलं. नव्या चाव्यांचे खांब बारीक आणि गिटारीची जुनी भोकं मोठी. मी काय केलं, काडेपेटीतल्या काड्या आणि आमच्याच कार्यक्रमाच्या जाहिरातीचा कागद ठासून त्या बसवल्या. तार ताणली की खांब कलायचा. कुणीतरी सोमाजीभाऊंचं नाव सांगितलं, म्हणून गिटार घेऊन त्यांच्या दारात गेलो आणि अर्थातच उभा राहिलो.

"बस," ते म्हणाले. मी बसलो. त्यांनी चिमट्यानं एकेक काडी काढून माझ्यासमोर ओळीनं मांडली.

"बाबू, हे गिटार आहे का चूल?"

मी म्हणालो, चालून जाईल भाऊ, फक्त साकोलीपुरतं बघा. त्यावर ते पहिल्यांदा चिडले. "चालून जाते म्हणणारे बाहेर लई आहेत. त्यायच्याकडे जा. मले हे काम करायचं आहे, चालवायचं नाही."

उपाय त्यांना लगेच दिसला होता. प्रत्येक भोकात पितळी बुश बसवायचा, म्हणजे बाहेरून भोकाएवढी आणि आतून खांबाएवढी छोटी नळी. पण सहाही बुश अगदी मापाचे हवे होते आणि त्यासाठी खराद, म्हणजे धातू फिरवून कातायचं यंत्र, लागणार होता. तो होता बाजारातल्या पितळी भांड्यांच्या एका जुन्या दुकानात. त्या दुकानाचं नाव निघताच सोमाजीभाऊंनी काम थांबवलं. कानस पुसली, जागेवर ठेवली, परत उचलली, परत पुसली.

मग त्यांनी सांगितलं. लहानपणी ते वडिलांबरोबर त्या दुकानात पाण्याचा फुटका पितळी गुंड बदलायला जायचे. भांडं पायरीखाली ठेवायचं आणि उन्हात उभं राहायचं; आतून नवं भांडं पायरीवर ठेवलं जाई, मग पाणी शिंपडलं जाई. वडिलांनी धम्मदीक्षा घेतली त्या वर्षापासून घरात कुणी त्या दुकानाची पायरी पाहिली नव्हती. "माहा बाप तिथं जेवढा उभा राहिला ना, तेवढं आमच्या सात पिढ्यायचं उभं राहणं झालं."

मी घाबरून म्हणालो, राहू द्या भाऊ, माझ्यापायी तुम्ही नका जाऊ. त्यांनी कानस खाली ठेवली. "तुह्यापायी कायले जाऊ? माह्यापायी चाललो." आणि त्यांनी दुकानातलं स्टूल उचलून खांद्यावर घेतलं.

भर दुपारी बाजारातून आम्ही दोघं निघालो. पुढं स्टूल घेतलेले सोमाजीभाऊ, मागं गिटार घेतलेला मी. लोक बघत होते. मला वाटत होतं, जमीन दुभंगावी. पितळी दुकानात शेठ गादीवर बसले होते. जुन्या शेठचे ते चिरंजीव. माणूस वाईट नव्हता, फक्त सवयीनं चालणारा होता. त्यांनी मान वर न करताच, तिथंच ठेव, उद्या ये, असं सांगितलं. सोमाजीभाऊ पायरी चढले, आत गेले, तराजूच्या शेजारी स्टूल ठेवलं आणि बसले.

शेठनं चष्मा वर केला. "हे काय आहे?"

"स्टूल आहे, शेठ. तुमच्या दुकानात आमाले बसाले काही नवतं, म्हणून माहं आणलं."

भांडी घासण्याचा आवाज थांबला. मी पायरीवरच होतो, पाय आत टाकायची हिंमत होत नव्हती. सोमाजीभाऊ घरी बसल्यासारखे बसून होते. शेवटी आतून म्हातारे खरादी आले, माझ्या हातातून गिटार घेतली, भोकात बोट घालून पाहिलं आणि माप विचारलं. माप सोमाजीभाऊंनी बसूनच सांगितलं. बुश बनत होते तेवढा वेळ ते हलले नाहीत. बुश तयार झाल्यावर खरादी ते शेठच्या गादीजवळ ठेवायला निघाले, तेव्हा सोमाजीभाऊंनी हात पुढं केला. बुश हातात पडले, गरम होते. शेठ तोंड फिरवून वहीत बघत बसले.

दुकानात परतल्यावर चाव्या त्यांनी मला बसवायला लावल्या. लाकडी हातोडीनं बुश हळू ठोकायचे, सहाही चाव्या ताणलेल्या दोऱ्याला लावून एका रेषेत आणायच्या, आरीनं आधी बारीक भोक पाडून मगच स्क्रू फिरवायचा आणि त्याला मेणबत्तीचं मेण लावायचं. माझा हात कापत होता. "कापू दे," ते म्हणाले. "पण पेचकस सोडू नको."

साकोलीला पटांगण भरलं होतं. आमच्याकडं प्रत्येक वादकानं माइकवर आपलं नाव-गाव सांगायची पद्धत होती. मास्तरांनी मला आधीच बजावलं होतं की गिटार खास मुंबईहून दुरुस्त करून आणली म्हणून सांग, पब्लिकवर वजन पडतं. मी माइकपुढं गेलो. समोर पाहुण्यांच्या खुर्च्या, मागं सतरंजीवर माणसं, आणि त्या दोहोंच्या मध्ये, एसटीतून आणलेल्या स्वतःच्या स्टुलावर, सोमाजीभाऊ.

मी नाव सांगितलं, गाव सांगितलं. मग म्हणालो, "ही गिटार भंडाऱ्याच्या सोमाजीभाऊंनी दुरुस्त केली. ते तिथं बसलेत."

लोक वळून बघायला लागले. सोमाजीभाऊंनी मान खाली घातली नाही. एकेकाकडं सावकाश बघून घेतलं. त्या कार्यक्रमात शेवटच्या गाण्यापर्यंत एकही तार उतरली नाही. नंतर मास्तरांनी मला सामानाच्या पेटीजवळ गाठलं आणि हे बोलायला कुणी सांगितलं म्हणून विचारलं. मी पेटीवर बसलेला होतो. उठलो नाही. कुणी नाही, म्हणालो. यापुढं माइकवर यायचं नाही, असं ठरलं. माइकवर गेलो नाही, पण त्याच ऑर्केस्ट्रात पुढची सात वर्षं वाजवलं. गावी जाणारी गाडी धरली ती सुट्टीसाठीच.

ऑर्केस्ट्रा मोडल्यावर मी पुण्याकडं गेलो. दोनेक वर्षांनी भंडाऱ्याला आलो तर सोमाजीभाऊंच्या दुकानात टेलिफोन बूथ झाला होता. त्यांच्या घरी गेलो. सोमाजीभाऊ आदल्या उन्हाळ्यातच गेले, असं त्यांच्या बायकोनं, काकूंनी, सांगितलं. मी दारातच घुटमळत राहिलो, खांद्यावर गिटार तशीच.

काकूंनी आतून स्टूल आणलं, पदरानं पुसलं आणि माझ्यापुढं ठेवलं.

"उभा काहून आहेस, बाबू?" त्या म्हणाल्या. "त्यायले चालत नवतं."